एका भाकरीची फेड

डिसेंबरचा शेवटचा आठवडा आला म्हणजे मंडळीच्या खजिनदारांची लगबग सुरू होते. पावतीपुस्तके जुळवायची, राहिलेल्या वर्गण्या गोळा करायच्या, जमाखर्च तपासनिसांच्या हाती द्यायचा, अशी एक ना दोन कामे त्यांच्यामागे लागतात. घराघरांतही तेच चालते. वाण्याची उधारी, दूधवाल्याचा हिशेब, कोणाकडून हातउसने घेतलेले पैसे हे सारे ३१ तारखेच्या आत चुकते करून मोकळ्या मनाने नव्या वर्षात पाऊल टाकावे, असे प्रत्येकाला वाटते. ते योग्यच आहे.

परंतु वाचकहो, आपल्या माथ्यावर एक देणे असे आहे की ज्याची नोंद कोणत्याच वहीत सापडत नाही. ज्यांनी आपल्याला बोट धरून चालवले, अक्षरओळख करून दिली, अडल्यावेळी हात दिला, चुकलो तेव्हा कान धरला, त्यांचे हे देणे होय. त्यांपैकी कित्येक जण आज या जगात नाहीत. काहींची तर नावेदेखील आपल्याला ठाऊक नाहीत. हे देणे फेडावे तरी कसे आणि कोणाला?

लूककृत शुभवर्तमानाच्या सतराव्या अध्यायातील दहा कुष्ठरोग्यांची हकिकत शब्बाथशाळेतील लहान मुलालाही सांगता येते. दहा जण शुद्ध झाले आणि उपकार मानण्यासाठी एकच माघारी आला. आपण हा धडा शिकवताना त्या नऊ जणांना नावे ठेवतो आणि पुढे जातो. पण कधी कधी माघारी जाण्याची इच्छा असूनही जाता येत नाही. तोंडातून शब्द फुटत नाही, आणि पुढे तो दाता पुन्हा कधी भेटत नाही. अशा माणसाने काय करावे? या प्रश्नाचे उत्तर मला पंडिता रमाबाईंच्या चरित्रात सापडते. बाईंचे नाव आपल्या कोणत्याही मंडळीला नवीन नाही. त्यांची विद्वत्ता, त्यांचे मुक्तिसदन, त्यांचे शास्त्राचे भाषांतर यांविषयी आपण अनेकदा ऐकले आहे. आज वर्षाच्या अखेरीस त्यांचे जीवन एका वेगळ्या बाजूने पाहू या. बाईंना कोणाकोणाकडून काय मिळाले आणि त्यांनी ते कसे फेडले, एवढेच पाहू.

पहाटेची शाळा

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी, आजच्या कर्नाटकातील पश्चिम घाटात, गंगामूळ नावाच्या अरण्यातील आश्रमात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे संस्कृत पंडित. तरुणपणी पुण्यास आपल्या गुरूंजवळ शिकत असताना त्यांनी पेशव्यांच्या वाड्यातील एका स्त्रीला संस्कृत श्लोक म्हणताना ऐकले. स्त्रियांनाही देववाणी येऊ शकते, ही गोष्ट त्यांच्या मनात तेव्हाच ठसली. पुढे लक्ष्मीबाई नावाच्या लहान वयाच्या मुलीशी त्यांचा दुसरा विवाह झाला, तेव्हा त्यांनी तिला संस्कृत शिकवण्यास आरंभ केला. गावात गहजब उडाला. शास्त्र्यांच्या सभेत त्यांना जाब द्यावा लागला. त्यांनी शास्त्राधारे आपली बाजू मांडली, पण रोजचा त्रास नको म्हणून अखेर ते रानात जाऊन राहिले. तेथे विद्यार्थी आणि यात्रेकरू येत, सर्वांना अन्न मिळे, आणि त्यातच शास्त्रीबुवांची पुंजी सरत गेली. रमाबाई अवघ्या सहा महिन्यांच्या असताना कुटुंब तीर्थयात्रेस निघाले. वेताच्या पेटीत निजवून, माणसाच्या डोक्यावरून त्यांचा प्रवास सुरू झाला.

रमाबाई शिकण्याच्या वयाच्या झाल्या तेव्हा वडील वृद्ध झाले होते. म्हणून मुलीला शिकवण्याचे काम आईने अंगावर घेतले. दिवसभर लक्ष्मीबाईंना उसंत नसे. स्वयंपाक, पाहुणे, पूजाअर्चा, पुराणवाचन यांत दिवस जाई. मग त्यांनी वेळ शोधून काढला तो पहाटेचा. उजाडण्यापूर्वी त्या झोपलेल्या मुलीला मांडीवर घेत, लाडीगोडीने जागे करीत, आणि पाखरे बोलू लागेपर्यंत श्लोक म्हणून घेत. बारा वर्षांच्या वयापर्यंत रमाबाईंना पुराणातील हजारो श्लोक मुखोद्गत झाले होते. ज्या विद्येने पुढे सारे कलकत्ता चकित झाले, ती विद्या एका कष्टाळू आईने आपली झोप मोडून दिलेली होती.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. लक्ष्मीबाईंजवळ शाळागृह नव्हते, फळा नव्हता, पगार नव्हता. आपली शिष्या पुढे कोण होणार हे पाहण्याचे भाग्यही त्यांना लाभले नाही.

त्या दारातील बाई

इ.स. १८७४ च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळाने हाहाकार उडवला. डोंगरे कुटुंबाजवळ होते नव्हते ते सारे संपले. भांडी विकली, दागिने विकले. शास्त्रीबुवांना मजुरीची सवय नव्हती आणि भीक मागणे त्यांना मरणाहून कठीण वाटे. रानातील पाने आणि फळे खाऊन काही दिवस काढले. अशा स्थितीत वडिलांनी देह ठेवला. त्यानंतर काही आठवड्यांतच आईला ताप भरला. अशक्तपणामुळे तिला चालवेना. भ्रमात ती निरनिराळे खाद्यपदार्थ मागे, आणि मुलांजवळ द्यायला काहीही नसे.

एके दिवशी आईला भूक असह्य झाली. तिने रमाबाईंना शेजारच्या घरी बाजरीच्या भाकरीचा तुकडा मागून आणण्यास पाठवले. रमाबाई तेव्हा सोळा वर्षांच्या होत्या. त्या जड पावलांनी त्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. घरातील ब्राह्मण स्त्री त्यांच्याशी ममतेने बोलली. पण भीक मागण्यासाठी तोंड उघडेना. डोळ्यांतील पाणी त्यांनी निग्रहाने आवरले, तर ते नाकावाटे वाहू लागले. तो चेहरा पाहून त्या बाईने सारे ओळखले. तिनेच विचारले की काही खायला हवे का. तेव्हा कोठे रमाबाईंना सांगता आले की फक्त भाकरीचा एक तुकडा हवा. तिने तो दिला. रमाबाईंचे मन कृतज्ञतेने भरून आले, पण आभाराचा एक शब्दही तोंडून निघाला नाही. त्या तशाच आईकडे धावल्या. आईला मात्र तो तुकडा खाण्याचीही शक्ती उरली नव्हती. थोड्याच दिवसांत तिची शुद्ध हरपली आणि ती गेली.

प्रेत न्यायला माणसे मिळेनात. मोठ्या मिनतवारीने दोन ब्राह्मण आले. भाऊ श्रीनिवास तिसरा आणि चौथी रमाबाई. स्मशान तीन मैल दूर. रमाबाईंची उंची कमी, खांदा पुरेना, म्हणून त्यांनी आईच्या तिरडीचे टोक डोक्यावर घेतले.

हा प्रसंग बाईंनी पुढे स्वतः लिहून ठेवला आहे. त्या स्त्रीचे नाव मात्र त्यांनी लिहिलेले नाही. बहुधा ते त्यांना ठाऊकही नसावे. भाकरी तर वायाच गेली, असे कोणी म्हणेल. जिच्यासाठी मागितली तिला ती खाता आली नाही. पण ती भाकरी वाया गेली नाही, हे आपण पुढे पाहणार आहोत.

जे जे मिळाले ते ते

थोरली बहीणही पुढे वारली आणि बहीणभाऊ दोघेच उरले. दोघांनी हजारो मैल पायी तुडवले. पंजाबात झेलम नदीच्या काठी कडाक्याच्या थंडीत वाळूत खड्डे खणून, अंगावर कोरडी वाळू ओढून त्यांनी रात्री काढल्या. भिजवलेले धान्य आणि मीठ हेच अन्न. तरी वडिलांनी दिलेला पुराणकथनाचा व्यवसाय त्यांनी सोडला नाही. १८७८ साली ती दोघे कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या.

या मानाने त्या फुगून गेल्या नाहीत. शिकण्याची भूक वाढतच राहिली. केशवचंद्र सेन यांनी त्यांना वेद वाचण्यास दिले. १८८० साली भाऊ गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. जात वेगळी, प्रांत वेगळा, भाषा वेगळी. सिल्चर येथे पतीच्या पुस्तकांत त्यांना लूककृत शुभवर्तमानाची एक लहानशी बंगाली प्रत सापडली. प्रभूच्या चरित्राची त्यांची ओळख अशी लूकच्या हातून झाली. त्या दहा कुष्ठरोग्यांची हकिकतही चार शुभवर्तमानांपैकी लूकमध्येच आहे, हे सहज आठवते.

हा संसार अवघ्या एकोणीस महिन्यांचा ठरला. फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने पती वारले. कडेवर दहा महिन्यांची मनोरमा, वय तेवीस, आणि जवळचे कोणी नाही. त्या पुण्यास आल्या. तेथे त्यांनी आर्य महिला समाज काढला, सरकारच्या हंटर कमिशनपुढे साक्ष देऊन स्त्रीशिक्षिका व स्त्रीडॉक्टर यांची गरज सांगितली, आणि स्त्रीधर्मनीति हे पुस्तक लिहिले. मिस हरफर्ड यांच्याकडे इंग्रजी शिकल्या. रेव्ह. नीळकंठशास्त्री गोरे यांच्याशी धर्मविषयावर चर्चा झाली. पुस्तकाच्या विक्रीतून प्रवासखर्च उभा करून १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. मनात होते वैद्यकी शिकायचे. पण कानांनी दगा दिला. ऐकू कमी येऊ लागले होते, त्यामुळे तो बेत सोडावा लागला. एक दार बंद झाले म्हणून त्या रडत बसल्या नाहीत. शिक्षिका होण्याची तयारी करू लागल्या.

वाँटेज येथील भगिनी मंडळाने त्यांना आसरा दिला. तेथील भगिनी त्यांना लंडनमधील फुलहॅम येथे घेऊन गेल्या. वाट चुकलेल्या स्त्रियांना तेथे जवळ करून माणसांत आणण्याचे काम चालत असे. ज्यांना समाज दाराशीही उभे करीत नाही, त्यांची अशी मायेने सेवा होते हे पाहून रमाबाई थक्क झाल्या. याचे कारण त्यांनी विचारले, तेव्हा त्यांना योहानकृत शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची हकिकत सांगण्यात आली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांचा व मनोरमेचा बाप्तिस्मा झाला. पुढे चेल्टनहॅमच्या महिला कॉलेजात त्या स्वतः शिकल्या आणि संस्कृत शिकवू लागल्या. तेथील प्रमुख मिस डोरोथिया बील यांनी त्यांच्या शंकांना धीराने उत्तरे दिली.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. रमाबाईंचे आपल्या गुरुजनांशी नेहमी पटले असे नाही. मतपत्रिका, मंडळीची शिस्त, ख्रिस्ताच्या ईश्वरत्वाविषयीची शिकवण यांवर वाँटेजच्या भगिनी जेराल्डीन यांच्याशी त्यांचे पत्रोपत्री कडाक्याचे वाद झाले. मनाला पटल्यावाचून मान डोलावणे बाईंच्या स्वभावात नव्हते. पण वादासाठी त्यांनी माया तोडली नाही. जेराल्डीन यांच्या हाती त्यांनी आपली एकुलती एक लेक विश्वासाने सोपवली. त्यांची मते वेगळी राहिली आणि उपकारांची जाणीवही तशीच राहिली. आपल्या मंडळ्यांत एखाद्या ठरावावरून मतभेद झाला की वीस वर्षांची ओळख आपण विसरतो. वर्षाच्या शेवटी याचाही विचार व्हावा.

तसेच दुसरी एक गोष्ट. १८८६ साली आनंदीबाई जोशी यांचा डॉक्टरकीचा पदवीदान समारंभ पाहण्यासाठी रमाबाई अमेरिकेस फिलाडेल्फियाला गेल्या. त्यांना स्वतःला डॉक्टर व्हायचे होते, ते साधले नव्हते. जे आपल्याला मिळाले नाही ते दुसरीला मिळत आहे, हे पाहण्यासाठी त्या समुद्र ओलांडून गेल्या आणि मनापासून आनंदल्या. परक्याच्या यशाचे कौतुक करणे सोपे असते. जे आपणच इच्छिले होते ते दुसऱ्याच्या हाती पाहून कौतुक करणे फार कठीण.

अमेरिकेत १८८७ साली त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध केले. ते त्यांनी अर्पण केले कोणाला? आपल्या आईला. बाप्तिस्मा घेऊन तेव्हा चार वर्षे झाली होती. आई तर शेवटपर्यंत जुन्या धर्मातच राहिली होती. पण नवा मार्ग धरला म्हणून बाईंनी पहाटेची ती शाळा पुसून टाकली नाही. ख्रिस्ती होणे म्हणजे मागच्यांचे उपकार विसरणे नव्हे, हे त्यांनी साऱ्या जगापुढे छापून ठेवले.

फेडीचा आरंभ

अमेरिकेतील मित्रांनी बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापून दहा वर्षे खर्च चालवण्याची हमी घेतली. बाई परतल्या आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदनाचे दार उघडले. विधवांना तेथे राहता व शिकता यावे, हा हेतू. पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई जोशी. याच गोदूबाईंचा पुढे १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला, आणि बाया कर्वे म्हणून त्यांनी पतीच्या विधवांसाठी चाललेल्या कार्यात आयुष्यभर साथ दिली. शारदा सदनात लावलेल्या रोपाची सावली आपल्या मंडळीच्या कुंपणाबाहेरही दूरवर पडली, ती अशी.

सदन पुण्यास आल्यावर संकट आले. कोणाचीही जात वा पूजा मोडायची नाही, असा नियम होता आणि तो पाळला जाई. पण बाई स्वतः प्रार्थना करीत तेव्हा खोलीचे दार उघडे असे, आणि काही मुली येऊन बसू लागल्या. शहरात काहूर उठले. १८९३ साली न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर आदी सल्लागारांनी संबंध सोडला आणि पंचवीसच्या आसपास मुलींना पालकांनी काढून नेले. ज्यांनी हात दिला होता त्यांनीच तो सोडला, हे दुःख लहान नव्हते. पालकांना वाटलेली भीतीही खोटी म्हणता येणार नाही. बाईंनी मात्र दार लावले नाही आणि कामही थांबवले नाही.

याच काळात त्यांच्या अंतःकरणातही एक बदल घडला. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी, १८९१ च्या सुमारास, त्यांना जाणवले की आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला, परंतु ख्रिस्त अजून स्वीकारलेला नाही. एवढी विद्वान, दोन खंडांत गाजलेली बाई स्वतःविषयी असे उघडपणे सांगते! आपण बाप्तिस्म्याच्या नोंदवहीतील तारीख दाखवून समाधान मानतो. बाई तेथे थांबल्या नाहीत. वाढ थांबली तेथे जीवन थांबते, हे त्यांना ठाऊक होते.

भाकरी वाढत गेली

१८९६-९७ साली मध्य प्रांतात भयंकर दुष्काळ पडला. बातम्या वाचून बाईंना स्वस्थ बसवेना. बावीस वर्षांपूर्वीची ती सोळा वर्षांची मुलगी त्यांच्या आत अजून त्या दाराशी उभी होती. पोटाला नाही म्हणून एखाद्या मुलीवर काय काय प्रसंग येऊ शकतो, हे त्या पुस्तकात वाचून शिकल्या नव्हत्या. त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि मुलींना घेऊन आल्या. थोड्याच महिन्यांत ही संख्या तीनशेच्या घरात गेली. पुण्यात प्लेगमुळे एवढ्या मुली ठेवण्यास बंदी आली. तेव्हा सोलापूरच्या लोहमार्गावर केडगाव येथे बाईंनी घेतलेल्या शेतात राहुट्या आणि झोपड्या उभ्या राहिल्या. त्यातून मुक्तिसदन निर्माण झाले.

आलेल्या मुली हाडांचे सापळे होत्या. कोणी अन्न चोरून लपवी, कोणी अंगावर धावून जाई. भुकेने माणसाचे काय होते हे न जाणणारा शिक्षक असता तर कंटाळून गेला असता. बाई रागावल्या नाहीत, कारण त्या भुकेची ओळख त्यांना होती. शारदा सदनातील जुन्या मुली नव्या मुलींच्या आया झाल्या. आणि १९०० साली गुजरातेत दुष्काळ पडून तेथून शेकडो मुली आल्या, तेव्हा तीन वर्षांपूर्वी स्वतः सापळ्यासारख्या आलेल्या मुली त्यांना न्हाऊमाखू घालू लागल्या. ज्यांना भाकरी मिळाली होती, त्या आता भाकरी थापत होत्या. मुक्तीतील माणसांची संख्या पंधराशेच्या वर गेली.

तेथे नुसते अन्नदान नव्हते. शेती, विणकाम, तेलघाणा, दूधदुभते, शिवण, छापखाना अशी कामे मुली शिकत आणि चालवीत. अंध मुलींसाठी वेगळे सदन होते. त्या बोटांनी वाचायला आणि विणकाम करायला शिकत. वाट चुकलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन उभे राहिले. फुलहॅम येथे जे पाहिले होते त्याची ही फेड होय. वृद्ध व अपंग स्त्रियांसाठी प्रीतिसदन होते. बाईंनी ज्या ज्या ठिकाणी जे जे घेतले, ते ते कोठे तरी, कोणाच्या तरी हाती परत केलेले दिसते. ज्यांच्याकडून घेतले त्यांनाच परत दिले असे क्वचितच घडले. आई नव्हती, म्हणून आईने दिलेली पहाट त्यांनी निराधार मुलींना दिली. भाकरी देणारी बाई भेटणार नव्हती, म्हणून भाकरी भुकेल्यांना दिली.

अखेरचे काम

आयुष्याची शेवटची सुमारे पंधरा वर्षे बाईंनी पवित्र शास्त्राच्या भाषांतरास वाहिली. उतारवयात त्या इब्री आणि ग्रीक शिकल्या. खेड्यातील अल्पशिक्षित स्त्रीला कळेल अशा साध्या मराठीत देवाचे वचन द्यावे, ही त्यांची इच्छा होती. ज्यांच्या संस्कृतापुढे पंडित नमले, त्या बाई शब्द निवडताना चुलीपुढच्या स्त्रीला समजेल का, असे पाहत होत्या. विद्येची खरी वाढ ही अशी खाली वाकण्यात असते. छपाईचे कामही मुक्तीतील स्त्रियाच करीत.

कन्या मनोरमा आईचा उजवा हात झाली होती. इंग्लंड-अमेरिकेत शिकून, मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन तिने शारदा सदनाची शाळा सांभाळली. १९१३ साली तेव्हाच्या निजामी राज्यातील गुलबर्गा येथे, म्हणजे आजच्या कलबुर्गीत, मुलींसाठी शाळा सुरू करण्यात तिचा पुढाकार होता. ही मनोरमा २४ जुलै १९२१ रोजी, चाळिसाव्या वर्षी, आईच्या आधी गेली. आईबाप, भावंडे, पती आणि आता लेक अशी एकूण एक माणसे बाईंनी पोचवली. तरीही त्या भाषांतराच्या कामावर बसून राहिल्या. मुद्रिते तपासून होत आली आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला. संपूर्ण शास्त्र १९२४ साली छापून बाहेर पडले. केडगावचे मुक्तिसदन आजही निराधार स्त्रिया व मुलांना आसरा देत आहे.

आपला जमाखर्च

वाचकहो, रमाबाई होणे आपल्यापैकी कोणाला साधणार नाही. पण या चरित्रात आणखी एक स्त्री आहे, आणि तिच्यासारखे होणे आपल्यापैकी प्रत्येकाला शक्य आहे. ती म्हणजे दारातील ती अनामिक बाई. तिने केले तरी काय? दाराशी आलेल्या मुलीच्या चेहऱ्याकडे नीट पाहिले, न मागता ओळखले, आणि लाज न वाटेल अशा रीतीने विचारले. दुष्काळात तिच्या घरी तरी भाकरीची रास कोठून असणार? तिने एक तुकडा दिला आणि ती गोष्ट बहुधा विसरूनही गेली. तो तुकडा पुढे हजारोंच्या ताटात पडला, हे तिला कधीच कळले नाही.

म्हणून या वर्षअखेरीस मंडळीचा जमाखर्च मिटवताना एक पान स्वतःसाठी उघडावे. डाव्या बाजूला ज्यांच्याकडून मिळाले त्यांची नावे लिहावीत. आई, पहिला शिक्षक, आजारपणात उशाशी बसलेला शेजारी, ज्यांच्याशी आपले पटले नाही पण ज्यांनी शिकवले ती माणसे, आणि परधर्मातील, परजातीतील उपकारकर्ते. जे हयात आहेत त्यांना चार ओळींचे पत्र टाकावे किंवा घरी जाऊन भेटावे. नाताळचा फराळ नेण्याचे निमित्त पुरे आहे. नुसते मनात मानलेले आभार त्यांना कसे कळणार?

जे हयात नाहीत, त्यांच्या नावापुढे उजव्या बाजूला दुसरे नाव लिहावे. ज्या शिक्षिकेने आपल्याला पहिली वचने पाठ करून घेतली, तिच्या नावापुढे आपल्या वर्गातील त्या मुलाचे नाव, ज्याला एकही वचन पाठ होत नाही. ज्या शेजाऱ्याने आपली फी भरली, त्याच्या नावापुढे पैशांअभावी शाळा सुटण्याच्या बेतात असलेल्या मुलीचे नाव. असे लिहीत गेले की देणे कोणाला फेडायचे हा प्रश्न उरत नाही.

आणि मग ३१ डिसेंबरच्या रात्री उपासनेसाठी मंदिरात आपण एकत्र जमू, तेव्हा मागच्या बाकावर, दाराजवळ कोण उभे आहे तेही पाहावे. तेथे कोणी असेल, ज्याला काही हवे आहे पण ज्याच्या तोंडून शब्द फुटत नाही. त्याने मागेपर्यंत आपण थांबू नये. आपणच पुढे होऊन विचारावे.